बघून येतो

"अंदाजे" हा शब्द अण्णांसमोर उच्चारायची आमच्या गावात कुणाची छाती नव्हती. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज म्हणालं, "अंदाजे पाचशे पान उठलं असंल," की अण्णा हातातला घास ताटात ठेवून विचारायचे, "मोजलं कुनी?" मोजलेलं नसायचंच. मग ते म्हणायचे, "मग लई मानसं जेवली म्हन. पाचशे म्हनू नगं." आणि पुन्हा शांतपणे जेवायला लागायचे. समोरच्याला मात्र त्या दिवशीचं जेवण काही अंगी लागायचं नाही.

अण्णा आमच्या पालीच्या धरणावर चौकीदार होते. बिंदुसरा नदीवरचं हे धरण बीडपासून हाकेच्या अंतरावर. त्यांचं काम सांगायला अगदी साधं. धरणाच्या भिंतीला आकडे रंगवलेली एक पट्टी आहे. रोज सकाळी तिथवर चालत जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि बीडच्या ऑफिसला कळवायचं. मे महिन्यात पाणी पट्टी सोडून चिखलात उतरायचं, लिहिण्यासारखं काही उरायचं नाही, तरी अण्णा जायचेच. दुसरा कुणी असता तर घरी चहा पिता पिता कालचाच आकडा टाकून मोकळा झाला असता. मी तर नक्कीच झालो असतो. अण्णांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत न बघितलेला एकही आकडा लिहिला नाही. हळदीच्या अंगानं ते पट्टी बघायला गेले होते आणि त्यापायी मुहूर्त टळता टळता राहिला, ही गोष्ट त्यांची बायको, म्हणजे आमची वहिनी, आम्हाला दर वेळी नव्यानं चिडून सांगायची.

त्यांचं माझं नातं काही नव्हतं. ते माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे माझं निम्मं लहानपण त्यांच्या ओसरीत नाहीतर धरणावरच्या चौकीत गेलं. कॉलेजात असताना एका पावसाळ्यात मी असाच चौकीत बसलो होतो. बाहेर पाऊस झोडपत होता. बीडहून साहेबांचा फोन आला, आत्ता पाणी किती आहे म्हणून. अण्णा म्हणाले, "थांबा साहेब, बघून येतो." पलीकडून साहेब काहीतरी बोलले. अंदाजे सांगा असंच म्हणाले असणार, कारण अण्णांचं तोंड कडू झालं. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, "साहेबाला बोलत बस." डोक्यावर पोतं घेऊन ते गेले ते चाळीस मिनिटांनी आले. तेवढा वेळ मी त्या चिडलेल्या साहेबांशी काय बोलणार? सुरुवातीला त्यांनी मला झाडलं, मग माझं नाव-गाव विचारलं, शेवटी माझा इंग्रजीचा पेपर का राहिला इथवर आम्ही पोचलो. अण्णा चिंब भिजून आले, आकडा सांगितला आणि वर म्हणाले, "म्या येईपतुर वाढलं असंल, साहेब. परत बघून येऊ का?" साहेबांनी फोन आपटल्याचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. इतके दिवस मी त्यांच्याविषयी लिहायचं टाळलं. कारण त्यांच्याविषयी लिहायचं तर अंकुशविषयी लिहावं लागतं, आणि अंकुशविषयी लिहायचं तर स्वतःविषयी.

पण त्याआधी चपलांची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एकदा सकाळी धरणाच्या भिंतीवर गावातल्या एका माणसाच्या चपला सापडल्या. शेजारी टोपी आणि टोपीत विड्यांचं बंडल, सगळं नीट मांडून ठेवलेलं. माणूस आदल्या दिवशी बायकोशी भांडून निघालेला. गावाला आणखी काय पुरावा लागतो? दुपारपर्यंत भिंतीवर गर्दी झाली, बायकांनी गळा काढला आणि दोन म्हाताऱ्या त्या बाईच्या बांगड्या फोडायला पुढं सरसावल्या. अण्णा मधे पडले. मी त्यांना एवढं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "हात लावू नगा तिला! मानूस मेला का चपला मेल्या? कुनी बघितलंय?" म्हाताऱ्या मागं सरल्या. मग ते त्या बाईला हळू म्हणाले, "बाई, धरान कुनाला ठिवून घेत न्हाई. तिसऱ्या दिवशी परत देतंच. तवर रडायचं न्हाई." दोन दिवस ते तिच्याजवळ भिंतीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा सिरसाळ्याहून, बहिणीकडून परत आला. पायात नव्या चपला होत्या. बायकोनं त्याला त्याच चपलांनी बडवला, आणि अण्णांनी ते मात्र शेवटपर्यंत बघितलं.

नेहमी असं व्हायचं नाही. बुडालेली माणसं वर यायची. कुठं येतील हे अण्णांना ठाऊक असायचं. वारा कुठला, पाणी किती, हे बघून ते जागा सांगायचे आणि तिथं घरच्यांबरोबर न जेवता बसायचे. दिसलं की कमरेएवढ्या पाण्यात पहिले तेच उतरायचे, नीट बघायचे आणि काठावरच्या माणसांकडं वळून म्हणायचे, "आता रडा." तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी आयटीआय करून रत्नागिरीला गेलो आणि मिरकरवाड्याच्या मासळी बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात चिकटलो. आधी मशिनवर, मग सुपरवायझर. गावी गेलो की अण्णा सगळ्यांसमोर माझी चेष्टा करायचे. "हिकडं पानी टँकरनं येतंय अन् हा भाद्दर तिकडं पान्याचे दगड करतो. मासे थंडीनं मरत्याल बे!" मी त्यांना म्हणायचो, अण्णा, एकदा या समुद्र बघायला. बाजार दाखवतो, बंदर दाखवतो, बोटीत बसवतो. ते विचारायचे, "पट्टी हाय का तिथं?" मी म्हणायचो, समुद्राला कसली पट्टी? "मग काय बघायचं?" असं म्हणून ते विषय संपवायचे.

ते आले नाहीत, त्यांचा मुलगा आला. अंकुश बापाच्या अगदी उलट. त्याच्या तोंडात 'लाखभर', 'ढीगभर' याशिवाय माप नसायचं. बारावीनंतर गावात रिकामा हिंडत होता. वहिनी मला म्हणाली, "तुमच्याकडं कुठं चिकटवा त्याला." मी चिकटवला. बर्फाच्या लाद्या बोटींवर पोचवायचं काम. पोरगा तोंडानं गोड, चार महिन्यांत सगळ्या बोटींवर त्याची दोस्ती झाली. एक दिवस येऊन म्हणाला, "काका, मी बोटीवर खलाशी म्हनून जातो." मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या मनात आलंही होतं. पण त्याच आठवड्यात मशीन बिघडलं होतं, डोक्याला ताप होता, मी म्हणालो, जा, पण बापाला विचारून जा. त्यानं विचारलं नाही, आणि मी परत चौकशी केली नाही. एवढं माझ्याकडून झालं, आणि ते काही कमी नव्हे.

मधे त्याचं लग्न झालं. सविता बारावी झालेली, सिरसाळ्याची. अण्णा तोवर निवृत्त झाले होते, पण रोजचं पट्टीवर जाणं सुटलं नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला, लांबचं धूसर दिसायचं. सविता त्यांच्याबरोबर जाऊ लागली. ती लांबूनच आकडा वाचायची, मग अण्णा भिंतीवरून खाली उतरून, पट्टीला नाक लावून तो तपासायचे. ती कधीच चुकली नाही. "पोरगी बघून बोलती," असं ते मला कौतुकानं म्हणाले होते. अण्णांकडून याहून मोठं सर्टिफिकेट मी ऐकलेलं नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दिवाळी झाल्यावर समुद्रात वादळ आलं आणि अंकुशची बोट उलटली. बोटीवर सहा जण होते. दोघांना दुसऱ्या बोटीनं उचललं. तिघांचे देह दोन दिवसांत मिळाले. अंकुश मिळाला नाही.

फोन मी केला. आता ते शब्द सांगवत नाहीत. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुनी बघितलाय का?" मी म्हणालो, नाही. "मग म्या बघून येतो," म्हणाले. घरातून निघताना सवितालाही त्यांनी तेवढंच सांगितलं होतं.

रात्रभर आणि अर्धा दिवस एसटीत बसून ते आले. स्टँडवर उतरले तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि डोळे लाल झाले होते. मी रडायला लागलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "पानी कुठंशी हाय?" चहासुद्धा नको म्हणाले. आम्ही सरळ बंदरावर आलो.

इतकी वर्षं ज्याला बाजार आणि बंदर दाखवायची हौस होती, त्याला मी ते असं दाखवलं. मासळीबाजारात त्या वेळी लिलाव चालू होता. टोपल्यांमागून टोपल्या येत होत्या, बांगडा, सुरमई, कोळंबी, पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याच कारखान्याचा बर्फ फुटत होता. अण्णांनी आयुष्यात मासा खाल्ला नव्हता, पण त्या वासात ते नाकाला रुमालही न लावता टोपली-टोपलीपाशी थांबत होते. प्रत्येकाला विचारत होते, "ह्यो कुठं धरला? तिथं खोल किती?" लोक वैतागत होते. एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणाला, "वीस वाव." वाव म्हणजे काय, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले, एवढा एक वाव. अण्णांनी त्याला तसंच उभं केलं आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत आपल्या वितेनं मोजून काढलं. त्या रांगड्या माणसाला गुदगुल्या होत होत्या, आणि आजूबाजूचे हसत होते. तेवढ्यात कुणीतरी हसणाऱ्यांना हे कोण आहेत ते सांगितलं. मग हसणं थांबलं आणि तांडेल हात पसरून गुमान उभा राहिला.

जेट्टीला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या दुपारी अण्णांनी त्या मोजल्या. पाण्यावर चार पायऱ्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच आम्ही परत गेलो, आणि मी कधी विसरणार नाही असं घडलं. पायऱ्या अकरा दिसत होत्या. खालच्या शेवाळलेल्या पायऱ्याही उघड्या पडल्या होत्या. होड्या चिखलात कलंडल्या होत्या. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यावर काहीतरी उजेडासारखं आलं. "पानी सोडलं!" ते ओरडले. "रातीतून सात पायऱ्या! दरवाजा कुठंय बे? कुनी उघडला?" आणि म्हातारा माणूस जेट्टीवरून धावत सुटला. "बंद करू नगा म्हनावं! अजून उतरू द्या, अजून उतरू द्या!"

धरणाचं पाणी सोडलं की तळ उघडा पडतो, आणि तळाशी जे असतं ते सापडतं. हे त्यांना ठाऊक होतं. भरती-ओहोटी त्यांनी कधी बघितलीच नव्हती. मी त्यांना सांगायचं राहून गेलं होतं, कारण इतक्या वर्षांत तिकडं माझं स्वतःचंच लक्ष जायचं बंद झालं होतं. मी मागं धावलो, पण त्यांना थांबवलं ते चाचीनं. चाची म्हणजे जेट्टीच्या तोंडाशी बसून मासे विकणारी साठीची मुसलमान बाई. सगळं बंदर तिला चाचीच म्हणतं. तिनं त्यांचा हात धरून त्यांना आपल्या पाटावर बसवलं. "भाऊ, दरवाजा नाय ओ. ही ओहोटी. रोज दोनदा जातो, दोनदा येतो. दुपारी बघ, परत भरलेला असेल." अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. "मंग तू कावून सांगितलं न्हाईस?" एवढंच ते म्हणाले. मला त्या वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यानंतर ते चौदा दिवस राहिले. दिवसातून सहा वेळा पायऱ्या मोजायचे आणि खिशातल्या डायरीत लिहायचे. पाचव्या दिवशी त्यांनी चाचीला सांगितलं की पाणी रोज आदल्या दिवशीपेक्षा पाऊण तासाहून जास्त उशिरा चढतं. चाची म्हणाली, "हे तर आमच्या शेंबड्या पोरालाही ठाव हाय." अण्णा म्हणाले, "त्यानं ऐकलं असंल. म्या बघितलंय." ती हसली. त्या दोघांचं जमलं. मी कारखान्यात असायचो तेव्हा ते तिच्याजवळ बसून तिच्या माशांवरच्या माश्या वारायचे.

नवव्या दिवशी दक्षिणेला एका खाडीच्या तोंडाशी देह लागल्याचा निरोप आला. आम्ही गेलो. मला बघवेना, पण मी बघितलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, अंगात निळा शर्ट होता. अण्णा वाकून बसले आणि डोक्यापासून टाचेपर्यंत वितेनं मोजत गेले. मग पुन्हा एकदा मोजलं. "न्हाई," ते म्हणाले. "अंकुश ह्याच्यापरीस चार बोटं उंच हाय." पोलीस म्हणाला, "आजोबा, पाण्यात असं बदलतं हो. तुमचाच म्हणा, तुम्हालाही सुटका." अण्णा उठले. "कुनाचा तरी ह्यो हाय," ते म्हणाले. त्या माणसाला शोधत कुणीच आलं नाही. दोन दिवसांनी त्याला बेवारस म्हणून अग्नी दिला, तेव्हा अण्णा जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "कुनीतरी बघायला पायजे."

गावाकडून रोज फोन येत होते. सविताचे वडील पालीत येऊन बसले होते. नातेवाईक म्हणत होते, देह मिळत नसला की कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं करून दहावा उरकून टाका, पोरीचं वय बघा. अण्णा म्हणायचे, "कनीक कशी मरंल?" पण खरी अडचण अण्णांची नव्हती, सविताची होती. ती कुणाचंच ऐकत नव्हती. बापाला तिनं सांगितलं, "मामा बघून आल्याबिगर बोलत न्हाईत. मामा म्हनतील तवाच." सासऱ्याला ती मामा म्हणायची. रोज संध्याकाळी फोनवर ती एकच विचारायची, "मामा, दिसलं का काई?" आणि अण्णा म्हणायचे, "न्हाई पोरी." ते ऐकून तिला बरं वाटायचं. तिच्या आवाजात ते कळायचं, आणि अण्णांनाही कळत होतं.

तेराव्या दिवशी अण्णांनी चाचीला विचारलं, दर्या किती दिवसांनी परत देतो. मी तिथंच होतो. चाचीनं कोयता खाली ठेवला. तिचा नवरा एकवीस वर्षांपूर्वी बोटीवरून पडला होता, हे बंदरावर सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. "माझा नाय दिला," ती म्हणाली. "जमातीनं मयताची नमाज पढली, पण माझी सासू म्हणायची, माझ्या पोराला मेला म्हणू नका, कुणी बघितलाय? चांगली बाई होती, भाऊ, वाईट नव्हती. पण तिच्या तोंडाकडं बघून मी आठ वर्षं दाराला कडी लावली नाय. दुसरं स्थळ आलं, नाय म्हटलं. परत आलं, परत नाय म्हटलं. मग यायचं बंद झालं." कोयता परत उचलून ती म्हणाली, "सासूनं एकदा म्हणायला पायजे होतं. मी तिचंच ऐकलं असतं."

त्या दिवशी अण्णांनी पायऱ्या मोजल्या नाहीत.

गावात अण्णांच्या शेवटच्या वर्षांविषयी वेगळंच बोललं जातं. पोराच्या दुःखानं म्हातारा बदलला म्हणतात. धरण भरलं की कुणी विचारायचं, "अण्णा, पानी किती?" आणि अण्णा म्हणायचे, "हाय की, बक्कळ." पट्टीकडं ते फिरकलेच नाहीत. सविता आता युसूफ वडगावला असते. दुसरा नवरा चांगला आहे, किराणा दुकान आहे, एक मुलगी आहे. ते लग्न अण्णांनी पुढं होऊन लावलं, मुलीच्या बापासारखे मांडवात उभे राहिले. हे ती कधीतरी वाचेल. वाचलं तर माझ्यावर रागावू दे, अण्णांवर नको, एवढंच माझं मागणं आहे.

चौदाव्या दिवशी भर दुपारी आम्ही जेट्टीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मागं बाजारात लिलावाचा गलका चालू होता. अण्णा म्हणाले, "पोरीला फोन लाव. आवाज मोठा ठिव."

मला वाटलं, निघतो म्हणून सांगतील. सवितानं पहिल्याच घंटीला उचलला. "मामा, दिसलं का काई?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "घावला."

मी अण्णांकडं बघत राहिलो. ते पाण्याकडं बघत होते आणि सावकाश, एकेक शब्द मोजून सांगत होते. "हितनं दक्षिनंला. खाडीच्या तोंडाशी. निळा शर्ट होता अंगात. म्या जवळनं बघितला, दोन डाव बघितला. त्योच हाय. आनन्यासारखं न्हवतं, पोरी, म्हनून हितंच अग्नी दिला. म्या हुबा होतो."

मग तिचा आवाज आला. "मामा, काकांकडं द्या."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी फोन जवळ घेतला.

"काका," ती म्हणाली, "मामांना धड दिसत न्हाई. तुमी बघितलं का? तुमच्या डोळ्यांनी?"

मी त्या पोराला बोटीवर जाऊ दिलं होतं. ओहोटीचं सांगायचं विसरलो होतो. मला आठवतं, त्या क्षणी अण्णांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मी म्हणालो, "हो, सविता. मी बघितलं. अंकुशच होता."

मग ती रडली. चौदा दिवसांत पहिल्यांदा. पाठोपाठ वहिनीचा आवाज आला, मग शेजारच्या बायकांचा, मग सगळं घरच रडायला लागलं. मी फोन बंद करायला गेलो, तर अण्णांनी माझं मनगट धरलं. "राहू दे," ते म्हणाले. "रडू दे तिला." आम्ही दोघं ते ऐकत बसलो. शेवटी फोन आपोआप तुटला तेव्हा पाणी कितव्या पायरीवर होतं, मला माहीत नाही.

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला आणि माझ्याकडं वळले.

"तिला म्या सांगितलं," ते म्हणाले. "आता मला कोन सांगनार रं?"